सत्तर टन आणि एक बांबू

माझ्या भाच्याच्या मते मी भित्रा ड्रायव्हर आहे. हा शेरा खऱ्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंगबद्दल नाही, त्याच्या लॅपटॉपवरच्या 'युरो ट्रक सिम्युलेटर २'बद्दल आहे. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे कळंबोलीला आला तो स्टिअरिंग व्हील आणि पेडल पिशवीत घालूनच. जेवणाच्या टेबलाला चाक आवळलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "मामा, बस इथे. हे तुझ्याच धंद्यातलं आहे."

धंद्यातलं होतं खरं. माझं काम रस्ते मोजण्याचं. बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, रिफायनरीचा कॉलम, पवनचक्कीचं पातं, असा नेहमीच्या ट्रकवर न मावणारा माल कारखान्यातून निघायच्या आधी कुणीतरी तो सगळा रस्ता जाऊन बघावा लागतो. पुलाखालची उंची, वळणाची रुंदी, टोलनाक्यावरची मोकळी लेन, वाटेतले पूल आणि मोऱ्या, डोक्यावरून गेलेल्या तारा. याला रूट सर्व्हे म्हणतात. अशा मालाला आमच्या भाषेत ओडीसी, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट. आपल्याकडे साध्या मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. त्याच्या बाहेर काही आलं की परवानगी, पायलट गाडी, लाल झेंडे आणि माझ्यासारखा माणूस लागतो. १९ वर्षं मी उंच काठी घेऊन तारा मोजत फिरतोय.

तर त्या रात्री मी जर्मनीतल्या कुठल्याशा गावातून एक अजस्र टाकी ओढत होतो. पुढे पिवळा दिवा लावलेली गाडी, मागे तशीच दुसरी. चौकात पोलिसांनी वाहतूक अडवून ठेवलेली, कडेला बघे उभे. आणि मी मध्येच ब्रेक दाबून थांबलो.

"मामा, आता काय झालं?"

"वर तार आहे वाटतं."

तो हसला. "अरे, वरच्या तारेचं काही नसतं यात. तू फक्त पुढच्या गाडीच्या मागे राहा."

मी पुढे गेलो. तार खरंच होती की मला भास झाला, कोण जाणे. काहीच झालं नाही. काम पूर्ण झालं, मालाचं नुकसान शून्य टक्के, खात्यात पैसे जमा. भाच्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बघ, एकदम सेफ."

या 'सेफ'वर मला भांडायचं आहे.

*

आधी खेळाची बाजू सांगतो, कारण ती मोठी आहे आणि ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांना ती माहीत नसते. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने हा खेळ २०१२ साली काढला. यात गोळीबार नाही, शर्यत नाही. माल उचलायचा, सिग्नल पाळत न्यायचा, मागे घेऊन नीट लावायचा. लाखो लोक संध्याकाळी कामावरून घरी येऊन हे दुसरं काम करत बसतात. डिसेंबर २०१७मध्ये त्याला 'स्पेशल ट्रान्सपोर्ट' नावाची विकतची पुरवणी आली आणि ७० टनांपर्यंतचा, ६ मीटरपर्यंत रुंदीचा माल नेण्याची कामं खेळात आली. दुसऱ्या वर्षी याच कंपनीच्या अमेरिकन ट्रकच्या खेळातही ती आली.

मी हे चेष्टेवारी घेत नाही. या खेळाने ओडीसीबद्दलच्या काही गोष्टी आमच्या धंद्यातल्या पुष्कळ साहेब लोकांपेक्षा चांगल्या ओळखल्या आहेत.

पहिली म्हणजे वळण. नवा माणूस वळणावर पुढे बघतो. लांब माल असेल तर पुढचं बघून उपयोग नसतो, पुढचं वळतंच. डावीकडे वळताना मालाची शेपूट उजवीकडे किती झाडते आणि मधलं पोट डाव्या कोपऱ्यावर किती चढतं, ते आरशात बघायचं. त्यासाठी वळण सुरू करण्याआधी उलट्या बाजूला जायचं, चौकाच्या मध्यापर्यंत सरळ घुसायचं आणि मग चाक फिरवायचं. हे समजायला आमच्याकडे पोरांना २ वर्षं आणि चार-पाच दुभाजक लागतात. माझ्या भाच्याला एका आठवड्यात समजलं.

दुसरी म्हणजे उतार. ७० टन एकदा उतारावर सुटले की ब्रेकने थांबत नाहीत, ब्रेकच तापून जातात. वेग उताराच्या आधी कमी करायचा, खालच्या गिअरमध्ये आणि रिटार्डरवर गाडी धरून ठेवायची आणि पायातला ब्रेक शेवटच्या गरजेसाठी राखायचा. कसाऱ्याला नाहीतर खंबाटकीला ज्याने जळक्या लायनरचा वास घेतलाय त्याला हे सांगावं लागत नाही. खेळात वास नसतो, पण शिक्षा बरोबर असते.

तिसरी मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती म्हणजे थांबणं. या कामांत तुम्ही स्वतःच्या मर्जीने रस्ता निवडू शकत नाही. मार्ग ठरलेला असतो. पुढच्या गाडीला सोडून गेलात तर काम फसतं. चौक मोकळा होईपर्यंत उभं राहायचं, म्हणजे राहायचं. थांबणं हा कामाचा खोळंबा नसून कामच आहे, हे या खेळाला कळलेलं आहे. आमच्याकडे प्रत्येक तासाच्या थांबण्याचा हिशोब कुणीतरी फोनवर मागत असतो.

इथवर खेळ खरा आहे. खोटं याच्या पुढे सुरू होतं, आणि ते खेळाने आपल्याच समजुतीतून उचललंय.

*

खोटं असं, की तुम्ही चाकावर बसता तेव्हा रस्ता तयार असतो.

मोकळा चौक कुणी मोकळा करवला, परवानगी कुणी आणली, तारेची उंची कुणी मोजली, पुलाचं वजन कुणी तपासलं, यांतलं काही तुम्हाला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते. पुढची गाडी चालवणाऱ्याला चेहरा नाही. मागच्या गाडीतला तर फक्त दिवा आहे. तुम्ही एकटे, तुमचे हात आणि ७० टन. नीट चालवलंत तर सुरक्षित, चुकलात तर नुकसान. म्हणजे सुरक्षितता हा ड्रायव्हरच्या अंगातला एक गुण ठरतो.

पुलाचंच घ्या. खेळातला पूल म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा, फक्त खाली पाणी दिसतं. माझ्या कामात पूल दिसला की पोटात गोळा येतो. भारतीय रस्ते परिषदेच्या, म्हणजे आयआरसीच्या, पुलांवरच्या भाराच्या संहितेत अतिअवजड वाहनाचा एक वेगळा प्रकार आहे. ते वाहन पुलाच्या मधोमध, ताशी ५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, ब्रेक न लावता जाईल आणि त्या वेळी पुलावर दुसरं वाहन नसेल, हे गृहीत धरून तिथे हिशोब मांडलेला आहे. आता मला सांगा, ताशी ५ किलोमीटरने, ब्रेक न लावता, रिकाम्या पुलाच्या मधोमध जायला ड्रायव्हरचं कसब किती लागतं? जवळजवळ नाहीच. कसब लागतं ते पूल रिकामा करणाऱ्याचं. दोन्ही टोकांना उभं राहून एसटी, उसाचे ट्रॅक्टर आणि "मी फक्त पटकन जातो" म्हणणारे मोटारसायकलवाले थोपवून धरणाऱ्याचं. तो अडवतो म्हणून पूल राहतो. तो खेळात नाही.

किंवा घाट घ्या. चढावर एक पुलर पुरत नाही, तेव्हा पुढे दुसरा जोडतात किंवा मागून ढकलायला लावतात. दोन इंजिनं, दोन ड्रायव्हर, मध्ये मालाची भिंत, एकमेकांना ते दिसत नाहीत. शिवाय त्या लांबलचक हायड्रॉलिक ॲक्सलच्या मागच्या चाकांना दिशा देणारा एक माणूस चालत असतो, आणि चाकांखाली लाकडी ठोकळे घालायला दोन पोरं पळत असतात. एकाने हाळी द्यायची, दुसऱ्याने गिअर टाकायचा. इथे 'ड्रायव्हर' म्हणजे नक्की कोण? मी १९ वर्षं बघतोय, मला सांगता येणार नाही. ती ७-८ जणांची मिळून एक गाडी असते.

खेळात मागची चाकं आपोआप वळतात.

*

"मामा, गेम आहे, गेमसारखा घे," असं भाचा म्हणतो, तेव्हा मी त्याला एक खरी फेरी सांगतो. ती वर्तमानपत्रांत सविस्तर आली होती, त्यामुळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून एक माल निघाला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी बनवलेलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब आणि उष्णता देणारं एक अवाढव्य आडवं भांडं. वजन सुमारे ७० टन. खेळातली कमाल मर्यादा, बरोबर तेवढीच. वाहनाला ७४ चाकं, सोबत ३२ माणसं. सुमारे १,७०० किलोमीटर. साधा ट्रक हे अंतर एका आठवड्याच्या आत कापतो. हा माल पोहोचला जुलै २०२० मध्ये. एक वर्ष लागलं.

त्या वर्षातले काही महिने लॉकडाऊनने खाल्ले, हे मान्य. पण बाकीचे दिवस कशात गेले? दिवसाला ५ किलोमीटर हा त्यांचा चांगला वेग होता. कुठे रस्ता दुरुस्त करून घ्यावा लागला, कुठे झाडं तोडावी लागली, कुठे विजेच्या तारा काढाव्या लागल्या. बातम्यांत त्या मालाची उंची साडेसात मीटरच्या आसपास दिली होती. आपल्याकडे रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून कमीत कमी ६.१ मीटरवर असावी असा नियम आहे. हिशोब सोपा आहे. नियमाप्रमाणे अगदी बरोबर लावलेली तारसुद्धा या मालाच्या आड येते. महाराष्ट्रापासून केरळपर्यंत अशा किती तारा असतील? त्यांतल्या प्रत्येक तारेसाठी अर्ज, प्रत्येक अर्जासाठी एक साहेब, प्रत्येक साहेबासाठी एक दिवस, आणि तार काढून परत लावणारे लाइनमन. गावातली वीज तेवढा वेळ बंद. पिठाची गिरणी बंद, पाण्याचा पंप बंद.

युरोपचा नकाशा या खेळात १:१९ या प्रमाणात लहान केलेला आहे. याबद्दल माझी तक्रार नाही, खऱ्या मापाचा युरोप कोण चालवत बसेल? पण लहान करताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं. चाक, आरसा, इंजिनाचा आवाज, वायपर ठेवले. ३२ माणसांतला १ ठेवला. उरलेले ३१ गाळले.

*

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय मी या खेळावर एवढा का चिडतो ते कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी तळोज्याहून विदर्भात एक प्रेशर व्हेसल जायचं होतं. ॲक्सलवर चढवल्यावर जमिनीपासून उंची ५.८ मीटर. सर्व्हे मी केला. एका गावाजवळ फ्लायओव्हर बुटका होता म्हणून माल बाजूच्या जुन्या रस्त्याने घ्यायचा ठरला, आणि त्या रस्त्यावर ११ केव्हीची तार होती. जानेवारीतल्या सकाळी साडेसात वाजता मी ती मोजली. ६.४ मीटर. रिपोर्टमध्ये लिहिलं, शेरा टाकला, "शटडाऊन घेऊनच जावे". खाली सही केली.

माल निघाला मे महिन्यात. परवानग्यांना तेवढा वेळ लागला. त्या गावाला शटडाऊन मिळालं होतं सकाळी ११ ते १. पण आधीच्या शहरात वाहतूक पोलिसांनी गर्दीमुळे माल अडवून ठेवला आणि तो त्या तारेपाशी पोहोचला पावणेदोनला. वीज परत सुरू झालेली. पुन्हा शटडाऊन म्हणजे पुन्हा अर्ज, म्हणजे दुसरा दिवस. आणि करारात उशिरासाठी दिवसाला दंड.

तिथे जे बोलणं झालं ते मला नंतर तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, आणि तिघांनीही एक वाक्य सारखंच सांगितलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "सर्व्हेत सहा-चार आहे ना? मग जातोय की. अर्धा मीटर सुटतंय."

सहा-चार. माझा आकडा. शेरा कुणी वाचला नाही, आकडा वाचला.

ॲल्युमिनियमची तार तापली की लांबते आणि तिचा झोळ वाढतो. जानेवारीतली सकाळची तार आणि मे महिन्यातल्या दुपारची तार या एकाच खांबांवरच्या दोन वेगळ्या तारा असतात. मधल्या काळात त्या रस्त्यावर डांबराचा नवा थरही पडला होता. वर किती जागा उरली होती हे बघायला, आणि गरज पडली तर तार उचलून धरायला, एक पोरगा बांबू घेऊन मालावर चढला. हे आमच्याकडे नवीन नाही. हायवेवर ओडीसी बघितली असेल तर तुम्हीही तो बघितला असेल. मालाच्या शेंड्यावर फतकल मारून बसलेला, हातात लांब काठी, गळ्यात गमछा. तुम्ही त्याचा फोटोसुद्धा काढला असेल.

नेमकं काय झालं ते कुणी नीट पाहिलं नाही. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

तो २३ वर्षांचा होता. झारखंडहून आलेला. ट्रान्सपोर्टरच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर. परवानगीच्या कागदावर वाहनाचा नंबर होता, प्रत्येक ॲक्सलचं वजन होतं, मालाची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरपर्यंत होती. त्याचं नाव कुठेही नव्हतं. काही रक्कम देऊन त्याला गावी पाठवलं. गुन्हा दाखल झाला पुलरच्या ड्रायव्हरवर. भारतीय दंड संहितेची कलमं २७९ आणि ३३८. फिर्यादीत नेहमीचं वाक्य होतं, "हयगयीने व अविचाराने वाहन चालवून". गाडी तेव्हा ताशी ४ किलोमीटरने चालली होती.

मला कुणी काही विचारलं नाही. माझा रिपोर्ट तर बरोबर होता. पुढच्या महिन्यात त्याच लोकांनी मला दुसरं काम दिलं आणि मी ते घेतलं.

*

म्हणून 'सेफ' हा शब्द ऐकला की मला राग येतो, आणि तो फक्त भाच्याच्या लॅपटॉपवर नाही. रस्त्यावर काही घडलं की आपण सगळेच तसा विचार करतो. आधी ड्रायव्हर शोधायचा. दारू प्याला होता का? झोपला होता का? मोबाइलवर होता का? कधीकधी तो खरंच प्यालेला असतो, मोबाइलवरही असतो, मी नाकारत नाही. पण ड्रायव्हर सापडला की शोध संपतो, हे मला नाकारायचं आहे.

जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. ट्रकवाले संपावर गेले होते, कारण नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) प्रमाणे अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता निघून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा होती. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं, तेही ठीक. पण त्या दोन दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते मी वाचलंय. "यांना अशीच शिक्षा पाहिजे." 'यांना' म्हणजे ड्रायव्हरना. दिवसाच्या दंडाचा करार लिहिणाऱ्याला १० वर्षं द्या, असं कुणी लिहिलं नाही. मी तरी कुठे लिहिलं? मी रांगेत उभा होतो.

सिम्युलेटर आता खेळण्यापुरताही राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर असणं बंधनकारक आहे. चांगली गोष्ट आहे. पोरांनी पहिला दुभाजक पडद्यावर तोडलेला बरा. पण पडद्यासमोर आपण कुणाला बसवतो ते बघा. ज्याच्या हातात चाक आहे त्यालाच. पुलाला परवानगी देणाऱ्या इंजिनिअरला नाही, शटडाऊनची वेळ ठरवणाऱ्याला नाही, "जातोय की" म्हणणाऱ्याला नाही. जणू सगळ्यांना सगळं येतं, फक्त ड्रायव्हरला शिकवायचं राहिलंय.

यावर भाच्याचं उत्तर असं, की हे सगळं घातलं तर गेम कंटाळवाणा होईल, कोण खेळेल? मला हे पटत नाही. जो खेळ ताशी ८० किलोमीटरने तीन-तीन तास सरळ रस्त्यावर गाडी धरून ठेवायला लावतो आणि तरीही लोकांना आवडतो, त्याच्या खेळाडूंना कंटाळ्याची भीती दाखवू नये. हे लोक भोंग्याचा आवाज खऱ्यासारखा नाही म्हणून नवा भोंगा बनवतात. एखाद्या ट्रकच्या डॅशबोर्डवरचा काटा चुकीच्या ठिकाणी असेल तर त्यावर आठवडाभर वाद घालतात. खरेपणाची इतकी भूक असलेल्या लोकांनी आजवर एकदाही विचारलेलं मी ऐकलं नाही, की चौक अडवायला उतरलेला तो माणूस कोण, आणि पुढच्या गाडीत बसून मला एकदा माल न ओढता नुसता रस्ता मोकळा करू द्या. खरेपणा आपल्याला यंत्राचा हवा असतो. माणसाचा आला की तो कंटाळवाणा वाटतो.

*

नुसतं ओरडून थांबणं मला आवडत नाही, म्हणून काय व्हायला हवं तेही सांगतो. मोठ्या सुधारणा सुचवण्याइतका मी मोठा नाही. माझ्या काठीच्या उंचीच्या तीन गोष्टी आहेत.

एक, सर्व्हेला मुदत हवी. तारेची उंची तारीख, वेळ आणि मोसमासकट लिहिली जावी, आणि माल त्या तारेखालून जायच्या आधीच्या दोन दिवसांत ती पुन्हा मोजली जावी. चार महिन्यांपूर्वीच्या आकड्यावर कुणालाही "जातोय की" म्हणता येऊ नये.

दोन, चालू तारेखाली मालावर माणूस चढता कामा नये. शटडाऊन चुकलं तर माल उभा राहील. दुसऱ्या दिवसापर्यंत उभा राहील. आणि त्या उभ्या राहिलेल्या दिवसाचा दंड कुणालाही लागणार नाही, हे करारातच लिहिलेलं असेल. बांबू लागतो तो दंडामुळे. दंड काढा, पोरगा आपोआप खाली उतरेल.

तीन, परवानगीच्या कागदावर माणसांची नावं हवीत. सगळ्यांची. पुलरवाला, मागची चाकं वळवणारा, पायलट गाडीतला, ठोकळे घालणारे आणि वर बसणारा. ॲक्सलचं वजन लिहायला जागा आहे, तर नावं लिहायलाही होईल. ज्याचं नाव कागदावर आहे त्याला रोजंदारीच्या पाकिटावर गावी पाठवता येत नाही.

यावर "मग खर्च वाढेल" असं मला सांगितलं जाईल. वाढेल. आजही तो खर्च होतोच, फक्त तो बिलात दिसत नाही, कारण तो झारखंडात भरला जातो.

त्या कामानंतर मी माझ्या रिपोर्टचा नमुना बदलला. आता प्रत्येक उंचीपुढे वेळ असते, आणि तारेच्या आकड्याच्या खाली, त्याच चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा आकडा शटडाऊनशिवाय वापरायचा नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "साहेब, हे काढता येईल का? क्लायंटला उगाच घाबरवल्यासारखं वाटतं." मी काढलं नाही. ते गिऱ्हाईक गेलं. दुसरी आहेत, पण कमी आहेत, आणि हे सांगताना मला शौर्य वगैरे वाटत नाही. ज्या दिवशी करायला हवं होतं त्या दिवशी मी फक्त शेरा लिहून सही केली होती.

भाचा दिवाळी संपल्यावर पुण्याला परत गेला. जाताना चाक आमच्याकडेच ठेवून गेला, "मामा, तू प्रॅक्टिस कर." मी करतो. रात्री जेवणं झाली की एखादी फेरी मारतो. वळणं आता जमतात, उतारावर ब्रेक तापत नाही. पण चौकात आलो की अजूनही वर बघतो आणि वेग कमी करतो. पुढची गाडी तेवढ्यात लांब जाते, आणि पडद्यावर इशारा येतो की मी मागे पडतोय.